साडेतीनच्या भोंग्याआधी

माझा आवाज मोठा आहे. आमच्या इमारतीतली मुलं मला तिसऱ्या मजल्यावरून ओळखतात आणि वॉचमन म्हणतो, आजी गावाला गेल्या की जिना ओस पडतो. घरात आता मी एकटीच असते, ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण मी बोलणं थांबवलेलं नाही. भाजी निवडताना बोलते, गॅस लागला नाही तर गॅसला बोलते. एवढ्या मोठ्यानं का बोलता, असं कुणी विचारलं की मी हसून सोडून देते. खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहिते.

आमचं गाव जुन्नरकडचं. लहानपणी माझ्याकडं काम काय, तर पाखरं राखायची. ज्वारी हुरड्यात आली की रानात चार खांबांचा उंच माळा बांधायचे, त्यावर उभं राहून गोफण फिरवायची आणि ओरडायचं. माझ्या भावांपेक्षा माझ्या ओरडण्यानं पाखरं जास्त उठायची. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे, "पोरीचा आवाज पार ओढ्यापलीकडं जातो." मुलीचा आवाज मोठा असणं ही आमच्याकडं चांगली गोष्ट होती, जसं एखादीच्या हाताला चव असते तसं. यात काही वावगं असेल हे मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

चीनची लढाई होऊन गेली, त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. हे नदीपलीकडं चिंचवडच्या एका कारखान्यात कारखाना निघाल्यापासून प्रेसवर कामाला होते. प्रेस म्हणजे पत्रा ठोकून गाडीचे भाग काढणारं मशिन. राहायला थेरगावात. तेव्हाचं थेरगाव म्हणजे गावच हो, भोवती सगळं रान. तिथल्या एका शेतकऱ्यानं आपल्या रानाच्या कडेला पत्र्याच्या आठ खोल्या बांधून कामगारांना भाड्यानं दिल्या होत्या. त्यातली पाचवी खोली आमची.

मी पहिल्यांदा तिथं पोचले ती भर दुपारी. चिंचवडला गाडीतून उतरून माझी पत्र्याची पेटी ह्यांच्या सायकलच्या कॅरियरवर बांधली होती आणि आम्ही दोघं चालत आलो होतो. चाळ दिसली तशी मी पदर सावरून म्हटलं, "अगं बाई, आलं का एकदाचं."

एवढंच म्हटलं. पण माझ्या आवाजात म्हटलं.

सात दारांत सात बायका उभ्या राहिल्या. एकही शब्द नाही. सगळ्यांची बोटं ओठांवर. पोरं होती ती आयांच्या लुगड्यांमागं सरकली. मला वाटलं, इथं कुणीतरी गेलंय. नवी नवरी मी, काय अपशकुन म्हणावा. पहिल्या खोलीतल्या मावशी, म्हणजे चाळीतल्या सगळ्यांत वडील बाई, पुढं आल्या तशी मी त्यांना विचारलं, "कोण गेलं?"

त्या माझ्या कानाशी आल्या. "गेलं न्हाई कोण. झोपल्यात."

तर असं होतं. कारखान्यात तीन पाळ्या. आठ घरांतले दोन-तीन पुरुष कायम रात्रपाळीला. ते सकाळी यायचे, खाऊन झोपायचे ते दुपारी साडेतीनच्या भोंग्याला उठायचे. तोवर चाळीत आवाज करायचा नाही. आज हिचा नवरा रात्रपाळीला, पुढच्या आठवड्यात तिचा. त्यामुळं बाराही महिने साडेतीनपर्यंत सगळं चिडीचूप. बायका बांगड्यांना जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायच्या. विहिरीच्या रहाटाला दर चार दिवसांनी तेल. फरफर करणारा पंपाचा स्टो कुणी आणायचा नाही, वातीचाच. कुटणं, वाटणं, कपडे आपटणं सगळं भोंग्यानंतर. बोलायची कामं हातांनी व्हायची. मनगटावर दोन बोटं आपटली की विहिरीवर चल. हनुवटीला तळवा लावला की पीठ दे थोडं. महिन्याभरात मला सगळं यायला लागलं.

आणि साडेतीनला नदीपलीकडून भोंगा झाला की काय व्हायचं म्हणता. आठही घरांतून एकदम कुटायचा, वाटायचा, आपटायचा आवाज. पोरं अंगणात सुटायची ती किंचाळतच. बायका मोठ्यानं बोलायच्या, पण गंमत अशी की दिवसभर साठवलेलं बोलणं त्या वेळी आठवायचंच नाही. दोन वाक्यं बोलून जो तो कामाला लागायचा.

मी एकदा मावशींना विचारलं, "ही पद्धत कुणी घातली?"

"कुणी घालायला कशाला पायजे? रीतच हाय. पूर्वीपासनं."

तेव्हा काही मला सुचलं नाही. पुढं कितीतरी दिवसांनी भांडी घासताना एकाएकी ध्यानात आलं की चाळ बांधून तेव्हा चार वर्षं झाली होती. कारखानाही तेवढाच. मावशी स्वतः साताऱ्याकडनं आलेल्या, गावी असताना त्या बाजारात शेंगा विकायच्या. म्हणजे त्याही ओरडतच असतील की. पण त्या 'पूर्वीपासनं' म्हणाल्या ते लबाडी म्हणून नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं. दिवस उजाडतो, दुपार होते, बाईनं गप्प राहायचं.

ह्याच्या मागं एक गोष्ट होती, ती मला हळूहळू तुकड्यातुकड्यानं कळली. आमच्या आधी पाचव्या खोलीत एक जोडपं राहायचं. बाई भांडकुदळ. एका दुपारी विहिरीवर तिचं कुणाशी तरी वाजलं, चांगलंच वाजलं. तिचा नवरा रात्रपाळीचा, आत झोपलेला. त्या रात्री प्रेसखाली त्याची तीन बोटं गेली. झोपमोड झाली म्हणून हात चुकला, असं सगळे म्हणाले. नवऱ्यानं तिला भावाकडं पोचवलं आणि तो नोकरी सोडून आपल्या गावी गेला. "तिच्या तोंडानं त्याची बोटं खाल्ली," मावशी म्हणायच्या. खोली रिकामी झाली, म्हणून ह्यांना मिळाली आणि म्हणून ह्यांचं लग्न जमलं. म्हणजे बघा, त्या बाईच्या चुलीवर मी स्वयंपाक करत होते.

पाखरं उठवणारी मी, कुजबुजायला शिकले. इतकी शिकले की भोंग्यानंतरसुद्धा माझा आवाज घशातून वर यायला तयार होईना. त्या शांततेचा एक फायदा मात्र झाला. मी दुसरीपर्यंत शिकलेली, तेही विसरत आलेली. दुपारी करायला काही नाही आणि बोलायला बंदी. किराणा बांधून यायचा त्या कागदांच्या पुड्या मी सोडवायची, मांडीवर सरळ करायची आणि एकेक अक्षर लावत बसायची. अर्धी बातमी, अर्धी जाहिरात, पुढचं सगळं दुसऱ्या कुठल्या तरी बाईच्या घरी तुरीच्या डाळीबरोबर गेलेलं. ओठ हलवत वाचायची, आवाज न करता. मला वाचता येतं ते असं.

ह्यांचं आणि माझं बोलणं मात्र जमलं नाही. मी काही विचारावं आणि ह्यांनी भिंतीकडं बघत राहावं. "भाजी कशी झालीय?" काही नाही. "गावाला कधी जायचं?" काही नाही. जेवून उठायचे. अंगणात दुसऱ्या पुरुषांबरोबर बसले की सगळे मिळून एवढ्या मोठ्यानं बोलायचे की पत्रे हलावेत. आम्हा बायकांना त्यात काही वाटायचं नाही. पुरुषांचा आवाज मोठाच असतो, असं आम्ही धरून चाललो होतो. मला फक्त एवढं वाटायचं की ह्यांना बाहेर बोलायला आवडतं आणि माझ्याशी नाही. माणूस वाईट नव्हता. अंगावर कधी हात टाकला नाही, दारूला शिवला नाही. पण एका खोलीत दोघं राहायचो आणि मी कुणाच्या तरी घरी पाहुणी आल्यासारखी राहायची.

मुलगी झाली. ती तीन वर्षांची असताना मी तिला घेऊन माहेरी गेले. ज्वारीचे दिवस होते, भावाची मुलगी भर दुपारी माळ्यावर उभी राहून हाका घालत होती. माझी पोर घाबरून माझ्या कमरेला बिलगली आणि माझ्या कानात म्हणाली, "आई, तिला गप्प कर. तिचे बाबा उठतील."

मी सांगितलं, "तिचे बाबा रानात आहेत, जागे आहेत."

तिला काही ते पटलं नाही. दुपारी बाबा जागे कसे असतील? दिवसभर ती त्या मुलीकडं अशी बघत होती जशी काही ती पोर उघडीनागडी उभी आहे. वडील मला म्हणाले, "अन् तुझा आवाज कुठं गेला गं?" मी म्हटलं, "पडसं झालंय."

आता सांगायची ती गोष्ट येते. मी सांगायला घेतलीय खरी, पण अजूनही हात अडखळतो.

सहावं वर्ष असेल. ह्यांची रात्रपाळी चालू होती. दुपारी माझी धाकटी बहीण अचानक आली. तिचं लग्न ठरलं होतं, बस्ता बांधायला घरचे पुण्याला आले होते, तिथून ती चुलत्याबरोबर मला भेटायला. चुलते बाहेर झाडाखाली बसले. मी तिला आत घेतलं, खुणेनं सांगितलं, हळू बोल. आणि ती सांगायला लागली की मुलगा बघायला आला तेव्हा वडिलांनी त्याला पाट दिला, तो नेमका ज्याचा एक पाय निखळलेला होता तो. पाहुणा बसला आणि पोह्यांसकट आडवा झाला. वर म्हणतो कसा, "नाही, नाही, मला असंच बसायची सवय आहे."

मी हसले. तोंडाला पदर लावायच्या आत हसले. सहा वर्षांचं हसू ते, माळ्यावरचं. पलीकडून भिंतीवर टकटक झाली. ह्यांनी कूस बदलली, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. बहीण घाबरून गेली. मी तिला घाईघाईनं चहा पाजून काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या पाळीतला एक माणूस सायकलवरून आला. ह्यांना दवाखान्यात नेलं होतं. डाव्या हाताची दोन बोटं.

चाळीत मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर मी भांडले असते, रडले असते. बायका येऊन घर आवरून गेल्या, पोरीला जेवू घालून गेल्या, आणि जाताना एकेकजणी माझ्याकडं अशी काही बघायची. मावशी पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आमी काय म्हणत न्हाई, बाई." ते वाक्य मी पुढची कितीतरी वर्षं उशाला घेऊन झोपले. पण खरं सांगू का, मला लोकांनी काय म्हणायची गरजच नव्हती. मीच म्हणत होते. मी हसले, ह्यांनी कूस बदलली, बोटं गेली. ह्याहून सरळ काय असतं?

त्यानंतर मी भोंग्यानंतरही बोलणं सोडलं. बहिणीच्या लग्नाला गेले आणि तोंड मिटून परत आले. रोज ह्यांच्या ताटात भाकरी वाढताना त्या हाताकडं बघून मी हळूच विचारायची, "माझ्यामुळं झालं ना?" रोज. हे भिंतीकडं बघत जेवायचे. मला वाटायचं, हो म्हणायला जीभ होत नाही म्हणून गप्प आहेत. त्याला मी त्यांचा मोठेपणा समजायची.

ह्यांना प्रेसवरून काढून हत्यारं देण्या-घेण्याच्या खिडकीत बसवलं. कायमची दिवसपाळी. अशी तीन-चार वर्षं गेली. मग एका खंडेनवमीला कारखान्यानं घरच्या माणसांना आत बोलावलं. मशिनची पूजा असायची त्या दिवशी. मी पोरीला घेऊन गेले. झेंडूच्या माळा, ऊदबत्त्या, सगळीकडं पेढे. मला बघायची होती फक्त ती प्रेस. ह्यांनी नेऊन दाखवली. माझ्या चाळीतल्या खोलीपेक्षा उंच, हिरव्या रंगाची, गळ्यात माळ. तिथं सांगवीचा एक कामगार होता, ह्यांचा जुना जोडीदार. पोरं गोळा झाली म्हणून त्यानं ती चालवून दाखवली.

तो आवाज मला सांगता येणार नाही. कानानं ऐकलाच नाही मी, छातीत बसला तो. पोरीनं किंकाळी फोडली असेल तर मला ती दिसली, ऐकू आली नाही. आणि अशा बारा-चौदा प्रेस एका रांगेत.

मशिन थांबलं तेव्हा मी नीट बघितलं. पुढं दोन बटणं होती, दोन बाजूंना. दोन हातांसाठी दोन, म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये. पण डाव्या बटणाच्या खाचेत लाकडाची एक खुट्टी ठोकलेली होती, म्हणजे ते कायम दाबलेलंच. त्या खुट्टीवरसुद्धा कुणीतरी हळद-कुंकू वाहिलं होतं.

मी ह्यांना विचारलं, माझ्या नेहमीच्या आवाजात, "हे बटण असं का?"

हे समोर बघत राहिले. नेहमीसारखे.

सांगवीवाला हसायला लागला. "वहिनी, असं विचाराल तर उत्तर पुढच्या दसऱ्याला मिळंल. प्रेसवाल्याच्या कानात वरडावं लागतं. आमची मंडळी तर म्हणते, माझं लग्न भिंतीशी लावलंय."

"ह्यांना ऐकू येत नाही?"

त्यालाही दोनदा विचारावं लागलं. "येतं की. जवळ येऊन वरडलं की येतं. चार-पाच वर्षं इथं काढली की कान जातातच, त्यात काय. कान जातात, बोट जातं. प्रेस म्हटलं की आलंच."

"आणि ती खुट्टी?"

"ती होय? दोन्ही हातांनी बटणं दाबत बसलं तर ठरलेले नग भरायचे कधी? सगळेच लावतात. पयल्यापासून."

मावशी 'पूर्वीपासनं' म्हणाल्या होत्या, अगदी त्याच सुरात. हे काहीतरी पेढ्यांचं बघायला पुढं गेले होते. मी त्यांच्या पाठीकडं बघत उभी राहिले.

आमच्याकडं कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. त्या गुरुवारी जेवून हे झोपले. मी उशाशी बसले आणि म्हटलं, "अहो." मग जरा मोठ्यानं म्हटलं. मग आणखी. माझा आवाज कुठपर्यंत जाईना, सवयच नव्हती, मध्येच फुटायचा. मग मी फळीवरची पितळी परात काढली, डोक्याएवढी वर धरली आणि शहाबादी फरशीवर टाकून दिली.

ती परात किती वेळ फिरत होती. पोरगी धावत आली आणि तिनं माझ्या तोंडावर दोन्ही हात ठेवले, जणू तो आवाज माझ्या तोंडातून आला होता. चाळीतली सगळी दारं उघडली. मावशी आत आल्या, अनवाणी, कुजबुजत, "काय पडलं गं?"

"पडलं नाही. मी टाकली."

"याड लागलं का तुला?"

मी परात उचलली आणि त्यांच्यासमोर पुन्हा टाकली. "बघा मावशी. उठले का?"

हे भिंतीकडं तोंड करून झोपले होते. श्वास चालू होता, एका लयीत. मावशी बघत राहिल्या. त्यांचे यजमान बारा वर्षं प्रेसवर होते. शेवटी त्या म्हणाल्या, "दमलाय बिचारा. गाढ लागली असंल."

"तुमच्या घरात टाकून बघू?"

त्यांनी परात माझ्या हातून घेतली, खाली माझंच फडकं ठेवलं आणि तिला भिंतीला अशी टेकवून उभी केली की जरासुद्धा वाजू नये. "नको," म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि तिथून, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माझ्या पोरीला मी चटका दिलाय गं. बोलली म्हणून."

भोंगा सुट्टीच्या दिवशीही व्हायचा, तो साडेतीनला झाला. ह्यांना घड्याळाची सवय, अंगानंच उठले. मी माळ्यावर उभी राहायची तशी ताठ उभी राहिले आणि म्हटलं, "अहो, तुमची बोटं माझ्यामुळं गेली का?"

हे दचकले. मग त्यांना हसू आलं. "तुझा आवाज आहे होय हा?"

"आधी सांगा. मी त्या दिवशी हसले होते. बहीण आली होती तेव्हा. तुमची झोपमोड झाली होती."

"कोण बहीण? कधी आली होती?"

चाळीतलं कुटणं थांबलं होतं. सगळ्यांना ऐकू जात होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. हे म्हणाले, "खुट्टी होती बटणात. मीच ठोकली होती. पत्रा अडकला, मी काढायला गेलो, प्रेस खाली आली. तुझा काय संबंध?"

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी? तू तर बोलतच नव्हतीस. मला वाटायचं, तुला मी पसंत नाही. वडिलांनी दिली म्हणून राहतेस."

मी रोज विचारत होते हो. रोज भाकरी वाढताना. ते मी त्यांना सांगितलं, ओरडून सांगितलं. हे आपल्या अर्ध्या हाताकडं बघत बसले. एका माणसाला कुजबुज ऐकू येत नव्हती आणि एका बाईला कुजबुजण्याशिवाय काही येत नव्हतं, असा आमचा दहा वर्षांचा संसार.

त्या दिवसापासून मी मोठ्यानं बोलते. कुणाला वाटेल, मग चाळही बोलायला लागली असेल. नाही. बांगड्यांच्या पट्ट्या सुटल्या नाहीत. नव्या सुना आल्या, त्यांनाही ओठांवर बोट ठेवून रीत शिकवली गेली. मीच तेवढी बदलले आणि त्यामुळं माझ्याकडं कुणी येईनासं झालं. दुपारी हे कामावर, पोरगी शाळेत, आणि भोवती सात बंद दारं. मी माझ्या खोलीत मोठ्यानं पुड्यांचे कागद वाचत बसायची. पूर्वी निदान खुणांनी तरी कुणी बोलायचं.

बरीच वर्षं अशीच गेली. पोरगी मॅट्रिकला होती. मावशींचे यजमान वारले होते, आणि तरी मावशी दुपारी गप्पच असायच्या. एके दिवशी त्या माझ्या दारात आल्या. हळूच म्हणाल्या, "ती पाचव्या खोलीतली पहिली बाई. निघोज्याला हाय, भावाकडं. तिला सांगून ये एकदा. मला न्हाई जमायचं."

मी गेले. एसटीनं चाकणच्या अलीकडं उतरून पुढं पायी. कांद्याचे दिवस, रस्त्याकडेला कांद्याचे ढीग, बायका पाती कापत बसलेल्या आणि एकमेकींना दोन-दोन शेतांवरून हाका मारत होत्या. भावाचं घर सापडलं. अंगणात एक बाई एकटीच बसली होती, पुढ्यात कांदे, हातात विळी. माझ्याच वयाची. तिच्या बांगड्यांना लुगड्याची पट्टी गुंडाळलेली होती.

मी कोण, कुठून आले ते सांगितलं. तिनं पाट सरकवला. मग मी सगळं सांगितलं. खुट्टी, बटण, कान. परात टाकली ते. म्हटलं, "तुमच्या भांडण्यानं नाही गेली बोटं. त्यांना ऐकूच आलं नसेल."

ती कांद्याची पात कापत राहिली. "लई भांडले व्हते मी," म्हणाली. इतक्या हळू की मला पुढं वाकावं लागलं. "पार वड्यापतोर ऐकू ग्येलं आसंल."

"ओढ्यापर्यंत गेलं असेल. त्यांच्यापर्यंत नाही गेलं."

"तुमाला काय म्हाईत? तुमी व्हता का तितं?"

"मी नव्हते. पण माझं तसंच झालं."

तिनं विळी खाली ठेवली. रानातून तिच्या भावजयीनं कुणाला तरी हाक मारली, लांबवर, चांगली मोकळी हाक. हिचं बोट आपोआप ओठावर गेलं. अंगणात कुणी झोपलेलं नव्हतं. घरात कुणी नव्हतं.

"मंग मी इतकी वर्सं हितं का ऱ्हायले?" ती म्हणाली.

रागानं नाही. एखादा हिशेब जुळत नाही तेव्हा माणूस स्वतःशी विचारतो, तसं. एवढा मोठा आवाज घेऊन गेले होते मी. ती उठली. "च्या घ्या," म्हणाली. आत जाऊन तिनं चहा केला. भांड्याचा, चुलीचा, कशाचाच आवाज आला नाही. चहा देऊन ती परत कांद्याला बसली आणि मी निघेपर्यंत मान वर केली नाही. निघताना मात्र पाच-सहा कांदे माझ्या पिशवीत घातले.

परत आले तेव्हा मावशी विहिरीपाशी उभ्याच होत्या. माझ्या वाटेकडं डोळे लावून. दुपारच होती. मनगटावर दोन बोटं आपटून त्यांनी मला बोलावलं.

"भेटली?"

मी मान हलवली.

"काय म्हणाली?"

मी पिशवीतले कांदे काढून त्यांच्या ओच्यात घातले. मग त्यांच्या कानाशी वाकले आणि कितीतरी वर्षांनी कुजबुजले, "चहा केला तिनं. कांदे दिलेत तुम्हाला."